रोजाक

रोजाक : फळे, भाज्या व तळलेले तुकडे कोळंबीच्या दाट काळ्या सारणात (म्हणजे सॉसमध्ये) कालवून केलेला आंबट-गोड-तिखट पदार्थ. मलेशिया व सिंगापूर येथे तो रोजाक, तर इंडोनेशियात रुजाक या नावाने ओळखला जातो. बोली मलायमध्ये ‘रोजाक’ म्हणजे सरमिसळ. परभाषांतील पुस्तकांत त्याचे वर्णन बहुधा ‘फळांचे सॅलड’ असे केलेले असते. ते अपुरे आहे. फळे गावोगाव बदलतात, काही प्रकारांत तर ती नसतातच. रोजाकची ओळख ठरते ती त्याच्या सारणावरून आणि कालवण्यावरून.

उगमाबद्दल मतभेद आहेत. पूर्व जावातील ताजी येथील ताम्रपटात (शके ८२३, म्हणजे इ.स. ९०१ च्या सुमारास) ‘रुरुजाक’ असा शब्द येतो. हा पट ‘सीमा’ म्हणजे करमुक्त जमिनीच्या दानासंबंधीचा असून त्या प्रसंगीच्या जेवणातील पदार्थांत हे नाव आहे. यावरून रोजाक हा हजार वर्षांहून जुना जावानी पदार्थ होय, असे अनेक लेखक मांडतात. शब्दापुरते हे मान्य करण्यास हरकत नाही. पदार्थाबाबत मात्र सावध राहणे इष्ट. मिरची, अननस, भुईमूग आणि बंगकुआंग हा पांढरा रसाळ कंद (पॅकिरायझस इरोसस) हे आजच्या रोजाकचे चारही आधारस्तंभ मूळचे अमेरिकेतील आहेत. ते सोळाव्या शतकापूर्वी जावात असणे संभवत नाही. तेव्हा जुना रुरुजाक स्थानिक आंबट फळांचा, बहुधा मिरी वा आल्याच्या तिखटपणाचा असावा. सिंगापुरी रोजाक चिनी वस्तीत जन्मला, असेही एक मत आहे. तळलेले टोफू आणि यू-चार-क्वे (मैद्याच्या तळलेल्या लांबट कांड्या) हे त्यातील घटक निःसंशय चिनी आहेत. पण नाव, आंबटाची रीत व कोळंबीचे सारण मलाय-जावानी असल्याने जुन्या पदार्थात चिनी भर पडली, हे मत अधिक पटण्याजोगे वाटते.

सारणासाठी कोळंबीचे दोन पदार्थ वापरतात आणि त्यांची नेहमी गल्लत होते. पेतिस (होक्किएन या दक्षिण चिनी बोलीत हे-को) हे कोळंबी उकळलेले पाणी साखर वा गूळ घालून काकवीसारखे काळे होईपर्यंत आटवून करतात. मलेशियातील पिनांगचे हे-को प्रसिद्ध आहे. बेलाचान मात्र आंबवलेला असतो : बारीक कोळंबी मीठ लावून आंबवतात, उन्हात वाळवतात, कांडतात व तिच्या वड्या पाडतात. यासाठी वापरली जाणारी कोळंबी असेटीस प्रजातीची, म्हणजे कोकणातील जवळ्याच्याच कुळातली आहे. या बेलाचान शब्दाने दूरचा प्रवास केला. हॉब्सन-जॉब्सन या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात (१८८६) तो ‘बलाचाँग’ या रूपात आढळतो. मकावमधील बालिशांव व गोव्यातील बालशांव ही नावेही याच मलाय शब्दावरून पोर्तुगीजांमार्फत आली असावीत, असे सामान्यतः मानले जाते. गोव्याच्या बालशांवात व्हिनेगर आले आणि त्याचे लोणचे झाले, तरी सुक्या कोळंबीचा अंश जुन्या पद्धतीत टिकून आहे.

सिंगापुरात वस्तीतल्या हॉकर सेंटरमधील (खाद्यविक्रेत्यांच्या गाळ्यांच्या सार्वजनिक बाजारातील) गाळ्यावर रोजाक मागणी आल्यावरच कालवतात. विक्रेता काथवटीसारख्या खोल लाकडी भांड्यात हे-को, साखर, चिंचेचा कोळ व तिखट घेऊन लाकडी उलथन्याने ते एकजीव करतो. तिखट किती हवे, हे आधीच विचारून घेतो. मग काकडी, अननस, बंगकुआंग, मोड आलेली कडधान्ये व उकळत्या पाण्यातून काढलेली नाळीची भाजी त्यात पडते. टोफू व यू-चार-क्वे आधी शेकून कात्रीने कापतात. काही जुने गाळे अजून कोळशावर शेकतात. शेवटी बुंगा कांतान (एट्लिंजेरा इलॅटिओर) या आल्याच्या कुळातील गुलाबी कळीची अगदी बारीक चीर आणि मूठभर भरडलेले दाणे. या कळीचा वास लिंबाच्या सालीजवळचा असतो. ती वगळली तर सारणाचा कोळंबीचा दर्प अंगावर येतो. हात उलथा-पालथा फिरतो, प्रत्येक फोड काळपट चकचकीत होते, पण ठेचली जात नाही. बांबूच्या काडीने टोचून खातात. लगेच खावे लागते : काकडी-अननसाला पाणी सुटले की सारण पातळ होते आणि यू-चार-क्वेचा कुरकुरीतपणा जातो.

‘भारतीय रोजाक’ हा निराळाच पदार्थ असून भारतात तो मिळत नाही. तमिळ मुस्लिम विक्रेत्यांनी तो रूढ केला. सिंगापुरातील अशा अनेक कुटुंबांचे मूळ गाव तमिळनाडूतील तोप्पुतुरै आहे. कोळंबीची भजी, बटाटा, टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी), उकडलेले अंडे यांतून गिऱ्हाईक हवे ते निवडते; विक्रेता ते पुन्हा गरम करून कापतो व सोबत रताळ्याने दाट केलेली लाल तिखट-गोड चटणी देतो. येथे कालवणे नाही, बुडवणे आहे. पिनांगमधील पासेम्बुर याच्याच जवळचा. एप्रिल २००९ मध्ये सिंगापुरातील गेलांग सेराई येथील तात्पुरत्या बाजारात भारतीय रोजाक खाऊन दीडशेहून अधिक लोक आजारी पडले व दोन स्त्रिया दगावल्या. कच्च्या समुद्री खाद्यातील व्हिब्रिओ जिवाणूंचा संसर्ग हे कारण निघाले.

सिंगापुरातील फिरते विक्रेते गाळ्यांत आले ते सरकारी धोरणामुळे. नोंदणी १९६८-६९ मध्ये झाली, १९७१ पासून हॉकर सेंटरे बांधली गेली व १९८६ पर्यंत रस्त्यावरील विक्रेत्यांचे स्थलांतर पूर्ण झाले. १६ डिसेंबर २०२० रोजी सिंगापूरच्या हॉकर संस्कृतीचा युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश झाला.

पूर्व जावातील सुराबायाचा रुजाक चिंगुर गाईच्या नाकाडाच्या उकडलेल्या मांसाचा असतो. पिनांगचे सारण अधिक चिकट. त्यात जाम व पेरू ही फळे घालतात. जावात गर्भारपणाच्या सातव्या महिन्यातील मितोनी विधीत फळांचा रुजाक करतात आणि त्याच्या चवीवरून मुलगा की मुलगी याचा अंदाज बांधतात. मलेशियात अनेक भाषा मिसळून केलेल्या बोलण्याला ‘बहासा रोजाक’ म्हणतात.