वर्गाला शेवटपर्यंत कोण बसतं?

मुलीची शाळा सुटली की तिच्यासाठी स्थळं बघायला सुरुवात होते. पैठण तालुक्यातल्या पाचोडच्या आरोग्य व्यवस्थापन संस्थेनं १९९०च्या दशकाच्या अखेरीस अशाच मुली डोळ्यांपुढे ठेवून संध्याकाळचे जीवनकौशल्यांचे वर्ग सुरू केले. रोज एक तास, वर्षाला सुमारे २२५ तास. शिकवणाऱ्या गावातल्याच, किमान सातवी झालेल्या बायका. काही वर्षांत तिथलं लग्नाचं मध्यक वय, म्हणजे निम्म्या मुलींची लग्नं ज्याच्या आत होतात ते वय, १६ वरून १७ वर गेलं.

याचं श्रेय वर्गाला द्यायचं का? वर्ग पूर्ण केलेल्या आणि अर्ध्यावर सोडलेल्या मुलींची तुलना केली, तर वर्ग जिंकणारच. कारण वर्ग सुटतो तोच बहुधा लग्न ठरलं म्हणून! शिवाय तिन्हीसांजेला मुलीला घराबाहेर पाठवणारे आईबाप मुळातच थोडे वेगळे. म्हणून वर्ग नसलेल्या गावांशी ताडून पाहावं लागतं, आणि ती गावं निवडताना सर्वांत खात्रीची रीत म्हणजे चिठ्ठ्या टाकणं.

बांगलादेशात तसं केलं गेलं. २००७च्या सुमारास दक्षिणेकडच्या ४६० वस्त्या चिठ्ठ्यांनी वाटल्या. काहींना सक्षमीकरणाचे वर्ग, काहींत १५ ते १७ वर्षांची मुलगी अविवाहित असेपर्यंत घरी खाद्यतेल, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. तेलानं बालविवाह सुमारे एकपंचमांशानं घटले. वर्गांनी लग्नाचं वय हललंच नाही. तेवढ्या तेलात हुंडा थोडाच भागतो? संशोधकांचा तर्क असा, की ‘पोरगी अजून घरात का?’ या प्रश्नाला आईबापांना सांगण्यासारखं कारण मिळालं. मला हा तर्क पटतो. आपल्याकडेही तो प्रश्न ओळखीचा आहे.

मोजमापाची तऱ्हा आणखी निराळी. शाळेचा दाखला नसलेल्या मुलीचं वय आई अंदाजानं सांगते, आणि ज्या गावात वर्षभर ‘अठरा, अठरा’ ऐकवलंय तिथे ती अठराच सांगण्याची शक्यता जास्त.

मराठवाड्यात ऊसतोडीचा पेच वेगळाच. मुकादम, म्हणजे मजूर जमवणारा ठेकेदार, उचल (आगाऊ रक्कम) देतो ती कोयत्यावर, आणि नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणून मुलींची लग्नं लवकर उरकली जातात. पाहणीवाले डिसेंबरात आले तर माणसं ऊसतोडीला गेलेली, म्हणून नेमक्या याच घरांना कुलूप असतं. त्या मुली यादीतून गळाल्या, की उरलेल्यांचं लग्नाचं सरासरी वय आपोआप वाढतं. त्यामुळे पाहणीची तारीख ठरवताना आधी गळीत हंगाम बघावा लागतो.