बेवारस फोटोंना रंग

नागपूरच्या महाल भागातला एक वाडा पाडला, तेव्हा तिथले अल्बम रद्दीत गेले. त्यातले सात फोटो फिरत फिरत माझ्याकडे आले. एकात नऊवारीतली बाई महाराजबागेसारख्या कुठल्याशा बागेत उभी आहे. कोपऱ्यांवर निळसर चंदेरी झाक चढलेली, मागे एक अक्षर नाही. असे बेवारस फोटो स्कॅन करून, संगणकावर रंग चढवून त्यांची चित्रासारखी छायाचित्रं हल्ली पुष्कळ जण करतात. खूळ मात्र संगणकाहून बरंच जुनं आहे.

१८५७ मध्ये ऑस्कर रेलँडर या छायाचित्रकाराने तीसेक निगेटिव्ह जोडून एकच भलं मोठं दृश्य उभं केलं. पुढे रोबेर दमाशीसारख्या छायाचित्रकारांनी डिंक, बायक्रोमेट हे रसायन आणि रंगाची पूड एकत्र कालवून कागदाला फासली. त्यावर ऊन पडलं की डिंक घट्ट होतो, उरलेला पाण्याने धुऊन निघतो. धुताना ब्रश फिरवायचा, की फोटोचं चित्र. (काम उन्हाचं. नागपुरातला मे त्यांना मिळायला हवा होता.)

आपल्याकडच्या स्टुडिओंना एवढा खटाटोप नको होता. छापील फोटोवरच ते जलरंग भरत, कधी इतके दाट की खालचा फोटो नावालाच उरे.

फोटो घरोघरी पोचले ते स्वस्त कॅमेऱ्यांमुळे. १९०० साली कोडॅकचा ब्राउनी एका डॉलरला आला. आपल्याकडे बऱ्याच उशिरा अॅग्फा क्लिक थ्री आला, एका रोलमध्ये बारा फोटो. रद्दीत सापडतं ते बहुतेक असल्याच कॅमेऱ्यांचं.

फोटोशॉप १९९० मध्ये आलं. खरा फरक पडला १९९४ मध्ये लेयर, म्हणजे फोटोवर ठेवायचे वेगळे थर, आल्यावर, कारण मूळ फोटोला धक्का न लावता वर रंग देता येऊ लागला. २००१-०२ मध्ये चित्रकार अमृता शेरगिल यांचे भाचे, कलावंत विवान सुंदरम यांनी आजोबा उमरावसिंग शेरगिल यांनी काढलेल्या घरच्या फोटोंतून 'री-टेक ऑफ अमृता' ही मालिका संगणकावर घडवली. एका क्लिकच्या तैलरंगी फिल्टरमधून मात्र कॅलेंडरच निघतं, असं माझं मत.

सुंदरम यांना फोटोतली माणसं ठाऊक होती. स्टुडिओतल्या रंगाऱ्यालाही लुगड्याचा रंग विचारायला गिऱ्हाईक समोर असे. माझ्या बाईचं लुगडं मी आधी हिरवं केलं, मग जांभळं. सध्या तो लेयर बंद करून ठेवला आहे.