रायफलीवरचा स्कोप जागेवर कशामुळे राहतो

शिकारीच्या रायफलीचा नेम एकाएकी बिघडला की संशय प्रथम काडतुसांवर, मग नळीवर आणि शेवटी नेमबाजाच्या हातावर घेतला जातो. स्कोपला, म्हणजे रायफलीवरच्या नेमाच्या दुर्बिणीला, धरून ठेवणाऱ्या साडेतीन-चार मिलिमीटर जाडीच्या स्क्रूंची चौकशी फार उशिरा होते, आणि झालीच तर ती बहुधा स्कोप हाताने हलवून पाहण्यापुरतीच असते. हाताला जाणवेल इतका स्कोप हलत असेल तर बिघाड बराच आधी सुरू झालेला असतो, हे साध्या भूमितीवरून कळते. स्कोपला कवटाळणाऱ्या दोन रिंगांमधले अंतर १० सेंटिमीटर धरले आणि त्यांपैकी मागची रिंग फक्त ०.१ मिलिमीटर बाजूला सरकली, तर स्कोपची दृष्टिरेषा एक मिलिरेडियनने वळते आणि १०० मीटरवर नेम १० सेंटिमीटरने चुकतो. एवढी सूक्ष्म सरक बोटांना कळत नाही. लक्ष्यावरच्या कागदाला मात्र ती लगेच कळते.

स्कोप सरकवू पाहणारे बल केवढे असते, याचा अंदाज बांधता येतो. .३०८ विंचेस्टर या प्रचलित काडतुसाचा कमाल दाब सुमारे ४१५ मेगापास्कल आणि गोळीचा व्यास ७.८ मिलिमीटर असतो. हा दाब गोळीच्या बुडाच्या क्षेत्रफळावर पडला की जवळपास २०,००० न्यूटन बल निर्माण होते आणि तेवढेच बल रायफलीला मागे ढकलते. रायफलीचे एकूण वस्तुमान ३.६ किलोग्रॅम धरल्यास त्या क्षणी तिचे त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या साडेपाचशे पटींहून अधिक भरते. अर्धा किलोचा स्कोप या त्वरणाने मागे ओढून न्यायचा, तर त्याच्या बैठकीला सुमारे २,७०० न्यूटन, म्हणजे पावणेतीनशे किलो वजनाइतके बल सोसावे लागते. हा कळस मिलिसेकंदाच्याही अंशापुरता टिकतो, प्रत्यक्षात धातूच्या लवचीकतेमुळे तो थोडाफार बोथटही होतो, पण प्रत्येक गोळीबरोबर तो पुन्हा येतो.

हे बल स्क्रूंच्या दांड्यांवर आडवे येते आणि ते त्यांच्या मजबुतीने अडवले जाते, असा सर्वसाधारण समज आहे. खरे तर स्क्रूचे काम वेगळे असते. आवळताना स्क्रू किंचित ताणला जातो, त्या ताणामुळे तो बेसला (रिंगांखालच्या पट्टीला) रायफलीच्या रिसीव्हरवर (नळीमागच्या मुख्य धडावर) दाबून धरतो, आणि दाबलेल्या दोन पृष्ठभागांमधले घर्षण स्कोपला जागेवर ठेवते. साडेतीन मिलिमीटरचा स्क्रू २ न्यूटन-मीटर पिळाने (फिरवण्याच्या जोराने), कोरड्या आट्यांवर आवळला तर साधारण २,८०० न्यूटन दाब मिळतो. चार स्क्रूंचा मिळून तो ११,००० न्यूटनच्या पुढे जातो. पोलादावर पोलाद घासतानाचा घर्षण गुणांक ०.१५ ते ०.२ धरला, तर त्यातून हाती येणारी पकड सुमारे १,७०० ते २,३०० न्यूटन भरते. वर काढलेल्या २,७०० न्यूटनच्या कळसापुढे ही पकड अपुरी आहे. म्हणूनच चांगल्या बैठकींना खाचेत बसणारा आडवा दांडा किंवा लग (पुढे आलेला अडसर) दिलेला असतो. उरलेला भार सरळ धातूवर धातू टेकवून पेलणे, हे त्याचे काम.

मात्र तो खाचेच्या योग्य भिंतीला टेकलेला असला पाहिजे. रायफल मागे जाते तेव्हा जडत्वामुळे स्कोप जागीच राहू पाहतो, म्हणजे रायफलीच्या तुलनेत तो पुढे सरकतो. त्यामुळे पिकाटिनी प्रकारच्या, आडव्या खाचा असलेल्या पट्टीवर, जिचे प्रमाणीकरण अमेरिकी लष्कराने १९९५ मध्ये केले, माऊंट (रिंगांसह स्कोपची बैठक) बसवताना तो नळीच्या तोंडाकडे दाबून धरावा आणि मगच आडवा स्क्रू आवळावा. हे केले नाही तर पहिल्या काही गोळ्या माऊंटला खाचेतली मोकळी जागा पार करायला लावतात आणि नेम तेवढ्याने ढळतो. स्प्रिंगच्या एअर रायफलीत झटका आधी मागे आणि मग पिस्टन थांबताना जोरात पुढे असा दुहेरी येत असल्याने तिथे स्कोप बहुधा मागे सरकतो, आणि अडसर मागच्या बाजूला द्यावा लागतो.

आता पिळाकडे वळू. टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या आकड्याला टक्क करणारा पाना, मोजतो तो पीळ. आपल्याला हवा असतो तो ताण. दिलेल्या पिळाचा साधारण निम्मा भाग स्क्रूच्या डोक्याखालच्या घर्षणात, चाळीसेक टक्के आट्यांमधल्या घर्षणात खर्च होतो, आणि जेमतेम दहा टक्के स्क्रू ताणण्यासाठी उरतो. घर्षण थोडेसे बदलले तरी या उरलेल्या भागात मोठा फरक पडतो. नव्या स्क्रूंवर गंज लागू नये म्हणून फासलेले तेल तसेच राहिले, तर त्याच आकड्याला ताण बराच जास्त मिळतो. ओला थ्रेडलॉकरही (स्क्रू सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचे द्रव्य) वंगणासारखाच वागतो. निर्मात्याने दिलेला आकडा कोरड्या आट्यांसाठी आहे की कसा, हे वाचल्याशिवाय रेंच हातात घेण्यात अर्थ नाही.

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती एक छोटी मोजणी. २,८०० न्यूटन ताणाखाली चार मिलिमीटर पकड-लांबीचा स्क्रू किती लांबतो? सुमारे ०.००८ मिलिमीटर, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा आठवा-नववा हिस्सा. सारी पकड एवढ्याशा लांबण्यावर उभी असते. बेसखाली रंगाचा थर, तेलाचा लेप किंवा यंत्रावर कापताना उरलेली धातूची बारीक कुसळे असतील, तर पहिल्या काही झटक्यांत ती चेपतात, आणि हे चेपणे ०.००३ मिलिमीटर झाले तरी एक तृतीयांशाहून अधिक ताण निघून जातो, तेही स्क्रू अंशभरही न फिरता. ताण असा घटला की पृष्ठभाग आडवे सरकू लागतात. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये दाखवून दिले की स्क्रूला सैल करणारे मुख्य कारण हीच आडवी सरक असते: आट्यांमधले घर्षण तिला विरोध करण्यात खर्ची पडते आणि आट्यांच्या उतारावरून स्क्रू थोडाथोडा उलटा फिरत जातो.

तपासणीची सुरुवात अर्थातच मॅगझिन काढून, बोल्ट उघडून आणि चेंबर (काडतूस बसण्याची जागा) रिकामा असल्याची डोळ्यांनी व बोटाने खात्री करून करावी. त्यानंतर केवळ रिंगांचे वरचे स्क्रू तपासून थांबणे ही सर्रास दिसणारी पळवाट आहे, कारण बेसचे स्क्रू अनेकदा स्कोपच्या नळीखाली झाकलेले असतात आणि स्कोप उतरवल्याशिवाय तिथे पोहोचता येत नाही. बेस उतरवल्यावर त्याच्या बुडाची आणि रिसीव्हरची पाहणी करावी. चकाकणारे, घासलेले पट्टे दिसले तर तिथे सरक झाली आहे. पुढच्या स्क्रूकडे विशेष लक्ष द्यावे: तो प्रमाणापेक्षा लांब असेल तर भोकाच्या तळाशी, नळीच्या आट्यांना टेकतो, हाताला तो घट्ट लागतो, रेंचही अपेक्षित आकड्याला टक्क करतो, पण बेस मात्र मोकळाच राहतो. एकेक स्क्रू एकटाच आवळून बेस हलतो का ते पाहिल्यास ही फसवणूक उघडी पडते.

पुन्हा बसवताना आटे आणि भोके तेल उतरवणाऱ्या द्रावणाने स्वच्छ करून वाळवावीत. रिंगांचे स्क्रू आलटून-पालटून, थोडेथोडे आवळावेत, जेणेकरून दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या राहतील. इथे सढळ हात महागात पडतो. रिंगांसाठी बरेच निर्माते २ न्यूटन-मीटरच्या आसपासचाच पीळ सांगतात, कारण स्कोपची ॲल्युमिनियमची पातळ नळी त्याहून जास्त दाबाखाली चेपते, आतली हलती नलिका अडकते, आणि मग नेम बदलण्याच्या चकत्या फिरवूनही तारांची फुली सांगितल्याप्रमाणे सरकत नाही.

बेसच्या स्क्रूंना मध्यम ताकदीचा, पुन्हा सोडवता येणारा थ्रेडलॉकर पुरतो. हे द्रव्य हवेशी संपर्क तुटला आणि धातूशी आला की घट्ट होते, त्यामुळे त्याला पूर्ण सुकण्यास पुरेसा वेळ द्यावा. स्क्रूच्या डोक्यावरून बेसवर रंगाची बारीक रेघ ओढून ठेवली तर स्क्रू फिरल्यास ती तुटलेली दिसते. चेपण्यामुळे गेलेला ताण मात्र ती दाखवू शकत नाही. तो पाहण्यासाठी पहिल्या काही गोळ्यांनंतर रेंच मूळ आकड्यावर ठेवून पुन्हा लावावा, आणि टक्क होण्याआधी स्क्रू फिरला तर ताण घटला होता असे समजावे. ही चाचणी कोरड्या स्क्रूंपुरतीच योग्य आहे. सुकलेल्या थ्रेडलॉकरवर स्क्रू किंचित फिरवला तरी त्याचा बंध तुटतो. मग तो पूर्ण काढून, आटे साफ करून, नव्याने लावावा लागतो आणि नेमही पुन्हा जुळवावा लागतो.