ओनोए मात्सुनोसुके

ओनोए मात्सुनोसुके (१२ सप्टेंबर १८७५ – ११ सप्टेंबर १९२६) : जपानी मूकपटांचे पहिले मोठे लोकप्रिय नट. जन्म ओकायामा येथे. लहान वयातच ते नाटकात शिरले आणि गावोगाव फिरणाऱ्या काबुकी (जपानची पारंपरिक नाट्यशैली) मंडळ्यांत वाढले. क्योतोत नाट्यगृह चालवणारे माकिनो शोझो यांनी त्यांना हेरले आणि १९०९ मध्ये कॅमेऱ्यापुढे उभे केले. पुढे १९१२ मध्ये निक्कात्सु ही चित्रपट कंपनी स्थापन झाली, तेव्हा ही जोडी तिचा मुख्य आधार ठरली.

त्या काळी कॅमेरा नाटकाच्या प्रेक्षकासारखा समोर, एका जागी रोवलेला असे. माकिनो संवाद मोठ्याने वाचून दाखवत, नट ते तसेच म्हणत. पडद्यावर आवाज नसे; चित्रपटगृहात ‘बेन्शी’ हा निवेदक सगळ्या पात्रांचे बोलणे स्वतः बोलून दाखवी. स्त्रियांच्या भूमिकाही स्त्रीपार्टी नटच करत. अशा दूरच्या, स्थिर चौकटीत चेहरा पोहोचवायचा तर काबुकीतली ‘मिए’ कामी येई : ऐन रंगात आलेल्या प्रसंगी नट एकदम थबकतो, मान फिरवतो, डोळे वटारून रोखून पाहतो. मात्सुनोसुके यांचे डोळे मुळातच मोठे. त्यावरून प्रेक्षकांनी त्यांना ‘मेदामा नो मात्चान’, म्हणजे ‘बटबटीत डोळ्यांचा मात्चान’, असे लाडाचे नाव दिले.

धन्याच्या मृत्यूचा सूड घेणाऱ्या सत्तेचाळीस सामुराईंची कथा म्हणजे ‘चुशिनगुरा’; तिच्यावरच्या एका आरंभीच्या चित्रपटात त्यांनी एकट्याने तीन भूमिका केल्या. पोरांना मात्र वेड लागले ते निंजापटांचे. ‘गोकेत्सु जिराइया’ (१९२१) मध्ये नायक मंत्र म्हणतो आणि त्याच्या जागी भलामोठा बेडूक उभा राहतो. कॅमेरा थांबवायचा, माणूस बदलायचा, पुन्हा फिरवायचा, एवढीच ती करामत. पण आजही ती पाहताना गंमत वाटते.

सतरा वर्षांत हजाराहून अधिक चित्रपट, म्हणजे सरासरी आठवड्याला एकाहून जास्त! त्यांतले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरले, ही फार मोठी हानी आहे. १९२० नंतर बांदो त्सुमासाबुरो यांच्यासारख्या तरुण नटांची वेगवान, खरीखुरी वाटणारी तलवारबाजी आली आणि मात्सुनोसुके यांची नाटकी ढब जुनी दिसू लागली. तरी ते अखेरपर्यंत काम करत राहिले. एक्कावन्नाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी ते वारले. क्योतोतली त्यांची अंत्ययात्रा पाहायला रस्त्यांवर प्रचंड गर्दी लोटली होती. गरिबांच्या घरांसाठी त्यांनी मोठी देणगी दिली होती; त्या स्मरणार्थ कामो नदीकाठच्या उद्यानात त्यांचा अर्धपुतळा आहे.