धूळ काढा, कूलर उचलू नका
(डेस्कटॉप वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

"कॉम्प्युटर घरीच साफ केला हो, आणि तेव्हापासून दहा मिनिटांत आपोआप बंद होतोय." हे वाक्य आम्ही दुरुस्तीच्या दुकानात इतक्या वेळा ऐकलंय की शेवटी लिहूनच ठेवायचं ठरवलं. घरी धूळ काढायला आमची ना नाही, उलट जरूर काढा. कॅबिनेटची बाजू कशी उघडायची ते तुम्हाला येतं असं धरून पुढचं लिहितोय.

मशीन बंद करा, मागची पॉवर केबल काढा आणि मग चालू करायचं बटण पाच-दहा सेकंद दाबून ठेवा. बोर्डात उरलेली वीज त्याने निघून जाते. आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या, रंग नसलेल्या पत्र्याला हात लावा, आणि काम चालू असताना अधूनमधून लावत राहा. शक्यतो खोलीबाहेर बसा. नाहीतर उडालेली धूळ संध्याकाळपर्यंत त्याच पंख्यांतून परत आत.

हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. ब्लोअरच्या झोतात पंखा भन्नाट फिरतो, बघायला मजा येते, पण तो वेग त्याच्या बेअरिंगला झेपत नाही आणि नंतर घरघर सुरू होते. हवेचा कॅन उभाच धरायचा. तिरका केला की आतला द्रव बर्फासारखा गार होऊन बाहेर पडतो, आणि बऱ्याच कॅनमधला वायू पेट घेणारा असतो. घरातला व्हॅक्युम क्लीनर नको, त्याच्या प्लॅस्टिकच्या तोंडाशी स्थिर वीज साठते. एसएमपीएसला (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याला) बाहेरूनच, जाळीतून हवा द्या. केबल काढल्यावरही त्याच्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये काही शे व्होल्ट राहू शकतात. धुळीसाठी तो आम्हीसुद्धा उघडत नाही.

आता खरं दुखणं. प्रोसेसरवरचा पंखा वरून स्वच्छ दिसतो. खरी धूळ असते पंखा आणि त्याखालच्या हीटसिंकच्या (उष्णता शोषणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पट्ट्या यांच्या मधे, नमद्यासारखी दाबून बसलेली. ती दिसली की ग्राहक अख्खा कूलर, म्हणजे पंखा आणि हीटसिंक दोन्ही, उपटतात. तिथेच चुकतं. बहुतेक कूलरवर पंखा चार स्क्रूंनी किंवा तारेच्या क्लिपांनी हीटसिंकवर बसवलेला असतो. तेवढा पंखा काढा, नमदा चिमट्याने उचला, मऊ ब्रश फिरवा, हवा द्या. हीटसिंक जागचा हलवायची गरजच नाही.

का, ते सांगतो. हीटसिंक आणि प्रोसेसर यांच्यात थर्मल पेस्टचा, म्हणजे उष्णता पुढे नेणाऱ्या मलमाचा, पातळ थर असतो. (प्रोसेसर म्हणजेच सीपीयू. त्या नावाने अनेकजण अख्ख्या डब्याला हाक मारतात, आम्ही आतल्या चिपबद्दल बोलतोय.) हीटसिंक एकदा उचलला की तो थर फाटतो, आणि परत तसाच दाबून बसवला की मधे हवा अडकते. प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचला की आधी स्वतःचा वेग कमी करतो, तरी भागलं नाही तर मशीन बंद पाडतो. तुमची ती दहा मिनिटं इथली. प्लॅस्टिकच्या चार पायांच्या कूलरमध्ये आणखी एक गंमत: तीन पाय 'टक्' करून बसतात, चौथा बसल्यासारखा दिसतो. बोर्डाच्या मागून बघा, चारही पाय सारखे बाहेर आलेले हवेत.

एएमडी कंपनीच्या प्रोसेसरच्या एएम४ सॉकेटमध्ये (प्रोसेसर बसतो त्या जागेत) तर याहून वाईट होतं. पेस्ट वाळलेली असेल तर कूलरबरोबर प्रोसेसरही उपटून येतो, आणि त्याच्या खाली १३३१ पिना असतात. एक गृहस्थ वर्तमानपत्रात गुंडाळलेला कूलर घेऊन आले. उलटा केला तर प्रोसेसर तळाला चिकटलेला, एका कोपऱ्यातल्या पिना आडव्या. शिसं काढलेल्या पेन-पेन्सिलीच्या पोकळ टोकात एकेक पिन घालून सरळ करत आमची सगळी संध्याकाळ गेली. तुटली नाही एकही, हे नशीब. इंटेलमध्ये २००४ पासून आणि एएमडीच्या एएम५ मध्ये पिना सॉकेटात असतात, प्रोसेसर वर येत नाही. पण पेस्टचं रडगाणं तेच.

कूलर काढायचाच असेल तर आधी दहा मिनिटं मशीन चालवून पेस्ट गरम होऊ द्या. मग बंद करून, केबल काढून, कूलर डावी-उजवीकडे हलके वळवत सोडवा, सरळ वर ओढू नका. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्हीकडून पुसून नवी लावा, मधोमध छोटासा ठिपका पुरतो. आणि पंख्याची वायर परत जोडलीत ना, ते बघा. ती विसरणारेही कमी नाहीत.

"नुसती धूळ काढायला मशीन दिवसभर कशाला ठेवून घेता?" असंही विचारतात. धूळ पंधरा मिनिटांत निघते, कबूल. पण आम्ही कूलर काढतो, म्हणजे नवी पेस्ट आलीच, आणि त्यानंतर मशीन अर्धा तास पूर्ण भाराखाली चालवून तापमान बघतो. सफाईआधीचा आणि नंतरचा आकडा पावतीवर लिहून देतो. मागे रांग असते, म्हणून दिवस जातो. उभ्या उभ्या ब्लोअर मारूनही देऊ, फक्त नमदा तसाच राहील, हे आधीच सांगतो. पेस्टची छोटी ट्यूब आणि पुढच्या बाजूला लावायच्या जाळ्या आमच्याकडे मिळतात. कॅबिनेट जमिनीवरून वीतभर उचलून ठेवलंत तर जाळी कमी वेळा धुवावी लागेल.

आणि कूलर उचलून झालाच असेल, तर मशीन चालू करून बघू नका. चिकटलेला प्रोसेसर ओढू नका, पिनांना बोट न लावता तसाच डब्यात ठेवून आणा. निघालेले स्क्रूही बरोबर आणा. ते नेहमी घरी राहतात.