प्लगवर ठिणगी दिसते, तरी बुलेट सुरू का होत नाही?

जूनचा पाऊस स्थिरावला की ठाण्या-वाशीतल्या जुन्या बुलेट किकला दाद देईनाशा होतात. मग ठरलेला प्रकार सुरू होतो. प्लग काढायचा, वायरला लावून हेडवर, म्हणजे इंजिनच्या डोक्यावर, टेकवायचा, किक मारायची. ठिणगी दिसली की निकाल जाहीर: ‘करंट ओके, कार्बोरेटर खोला.’ ही चाचणी अर्धवट आहे आणि तिच्यापायी चांगले-भले कार्बोरेटर उगाच खोलले जातात.

बाहेर काढलेल्या प्लगच्या 0.5 मिलिमीटर फटीत साधी हवा असते. तिच्यातून ठिणगी पडायला साधारण अडीच हजार व्होल्ट पुरतात. सिलिंडरमध्ये पिस्टन पेट्रोल-हवेचं मिश्रण दाबून आणतो. कास्ट आयर्न, म्हणजे जुन्या बिडाच्या इंजिनच्या, बुलेटचं कॉम्प्रेशन 6.5 ला 1 आहे, म्हणजे मिश्रण साडेसहा पट कमी जागेत दाबलं जातं. दाबलेल्या वायूत रेणूंची दाटी असते. तिथे इलेक्ट्रॉनला पुरेसा वेग घ्यायला मोकळी जागाच मिळत नाही, तो आधीच कुठेतरी धडकतो. त्यामुळे तीच फट ओलांडायला दहा हजारांच्या आसपास व्होल्ट लागतात. बाहेर टिकटिक करणारी ठिणगी आत पडेलच, याची काही खात्री नाही.

त्यापेक्षा असं करा. प्लग जागेवरच राहू द्या. वायरची कॅप काढा, इन्सुलेटेड पक्कडीने वायरचं टोक हेडच्या फिनपासून (बाहेरच्या धातूच्या पात्यापासून) 5-6 मिलिमीटरवर धरा, इग्निशन चालू करून दुसऱ्याला किक मारायला सांगा. निळी, कडकडीत ठिणगी उडी मारून गेली तर इग्निशन ठीक आहे. पिवळट, लुळी ठिणगी आली किंवा आलीच नाही, तर पॉइंटची गोल टोपी उघडा. आजूबाजूला पेट्रोल सांडलेलं नको. आणि सीडीआय, म्हणजे पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, असलेल्या गाडीवर हा प्रयोग अजिबात करू नका, युनिट जाईल.

पॉइंट म्हणजे एक स्विच, बस. क्रँकच्या दर दोन फेऱ्यांत एकदा तो उघडतो. मिटलेला असताना बॅटरीचा प्रवाह कॉइलच्या (व्होल्टेज वाढवणाऱ्या तारांच्या वेटोळ्याच्या) जाड तारेतून, म्हणजे प्रायमरीतून, वाहतो आणि चुंबकीय क्षेत्र तयार होतं. ठिणगी पडते ती पॉइंट उघडताना. जोरात चाललेला नळ झटकन बंद केला की पाइप दणकतो, तसा अचानक तुटलेला प्रवाह प्रायमरीत 200-300 व्होल्टचा दणका देतो. बारीक तारेचे, म्हणजे सेकंडरीचे, वेढे 60 ते 100 पट असल्यामुळे तिथे त्याचे पंधरा-वीस हजार होतात.

आता पावसाळ्याचा हिशेब. बॅटरी 12 व्होल्ट आणि प्रायमरीचा रोध 3 ओहम धरला, तर प्रवाह 4 अँपिअर. जुलैत आपल्याकडची आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर जाते. गाडी आठ-दहा दिवस उभी राहिली की पॉइंटच्या टंगस्टनवर ऑक्साइडचा थर धरतो. या थराने फक्त 1 ओहमची भर घातली तर प्रवाह 3 अँपिअरवर येतो. नुकसान पाव भागाचं वाटतं. पण कॉइलमधली ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते: 4 चा वर्ग 16, 3 चा 9. म्हणजे 44 टक्के ऊर्जा गेली, आणि ती डोळ्यांना न दिसणाऱ्या पापुद्र्यापायी! बॅटरी उतरलेली असेल तर विचारूच नका.

मल्टिमीटर असेल तर पॉइंट मिटलेले असताना, इग्निशन चालू ठेवून, दोन टोकांमधलं व्होल्टेज मोजा. 0.2 व्होल्टपेक्षा जास्त आलं तर सफाई हवी. पॉइंटची बारीक कानस दोन-तीनदा फिरवा, मग पेट्रोलमध्ये भिजवलेला जाड कोरा कागद ओढून घ्या आणि शेवटी कोरडा. एमरी पेपर नको, त्याचे कण धातूत रुततात.

त्यानंतर गॅप. किक हळूहळू दाबत कॅमच्या (पॉइंट उघडणाऱ्या फिरत्या उंचवट्याच्या) सर्वांत उंच जागी पॉइंट पूर्ण उघडा आणि फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) 0.35 ते 0.40 मिलिमीटर लावा. पॉइंटची फायबरची टाच कॅमवर घासून झिजते, गॅप कमी होतो आणि ठिणगी उशिरा पडू लागते. घाबरून गॅप फार वाढवला तर ती लवकर पडते, आणि मग किक उलटी येऊन नडगी सडकून निघते. म्हणून गॅप बदलला की टायमिंगही, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, तपासायलाच हवं. कॅमच्या नमद्यावर (दाबलेल्या लोकरीच्या तुकड्यावर) ग्रीसचं बोट पुसलं तरी पुरे. जास्त लावलं तर ते उडून पॉइंटवरच येतं.

पॉइंटच्या जोडीला कंडेन्सर असतो, सुमारे 0.2 मायक्रोफॅरडचा. पॉइंट उघडताना प्रवाह फटीतून ठिणगी काढत पळू पाहतो, तो कंडेन्सर पोटात घेतो आणि प्रवाह झटक्यात तुटतो. तो निकामी झाला की पॉइंटवरच पांढरी आतषबाजी दिसते आणि प्लगपर्यंत फारसं काही पोचत नाही. काही कंडेन्सर थंड असताना ठीक चालतात, तापले की दगा देतात. सकाळी पहिल्या किकला सुरू होणारी आणि घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये तापून बंद पडणारी गाडी असेल तर आधी कंडेन्सर बदला. तो स्वस्त आहे.

पेट्रोलच्या पाइपला चुंबक बांधून ‘रेणू सरळ’ करणारी पट्टी विकणारे अजून भेटतात. हँडलच्या लिंबू-मिरचीइतकाच तिचा उपयोग; लिंबू-मिरची निदान स्वस्त पडते. इरिडियम प्लगचं टोक बारीक असल्यामुळे त्याला व्होल्टेज थोडं कमी लागतं हे खरं, पण खराब पॉइंट त्याने फक्त झाकले जातात.

ठिणगी दणदणीत असूनही दहा-बारा किकनंतर प्लग कोरडाच निघाला, तर मात्र पेट्रोलकडे वळा. आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं आणि ते पाणी ओढतं. पाणी मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल-पाण्याचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो, नेमका कॉकच्या, म्हणजे टाकीखालच्या पेट्रोलच्या तोटीच्या, तोंडाशी. फ्लोट बाऊलचा (कार्बोरेटरच्या खालच्या वाटीचा) स्क्रू सोडून बाटलीत थोडं काढा. दोन थर दिसले तर टाकी रिकामी करा. प्लग ओलाचिंब निघाला तर कॉक आणि इग्निशन बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, डीकम्प (सिलिंडरमधला दाब सोडणारा लिव्हर) दाबून पाच-सहा किक मारा, प्लग पुसून लावा.

सगळं जागेवर आल्यावर किक नीट मारा. इग्निशन चालू करून किक हळू दाबा. पॉइंट मिटले की अँपिअर मीटरचा काटा डिस्चार्जकडे झुकतो, उघडले की मध्यावर येतो. कॉम्प्रेशनला पाय अडेल तिथे डीकम्प दाबा, किक जेमतेम इंचभर पुढे न्या, डीकम्प सोडा. पेडल पूर्ण वर येऊ द्या आणि थ्रॉटलला हात न लावता अंगाच्या वजनाने एकच लांब किक मारा.