संत्र्याच्या नवतीवरची नागअळी
कलमे नेणाऱ्या बागायतदारांसाठी माहितीपत्रक

संत्रा, मोसंबी किंवा कागदी लिंबाच्या नव्या कलमावर कोवळी पालवी, म्हणजे नवती, फुटली, की पानांवर चांदीसारख्या चकचकीत नागमोडी रेषा दिसू लागतात. पान आक्रसते, कडा आत वळतात. ही नागअळी, म्हणजे पाने पोखरणारी अळी. टोमॅटोवरची नागअळी माशीची असते, ही पतंगाची. तिकडचे उरलेले औषध इकडे मारू नका.

पतंग जेमतेम २ मिलिमीटर लांब, रुपेरी पांढरा, पंखांच्या टोकाशी एकेक काळा ठिपका. दिवसा तो नजरेला पडत नाही. संध्याकाळी आणि रात्री फिरतो. मादी एकेक अंडे सुटे घालते, बहुधा कोवळ्या पानाच्या खालच्या बाजूला, मधल्या शिरेजवळ. अंडे दवाच्या बारीक थेंबासारखे असते, भिंग लावले तरच ओळखू येते. अळी बाहेर पडते ती थेट पानाच्या पापुद्र्याखाली शिरते आणि तिथला रस पीत पुढे सरकते. रेषेच्या मधोमध दिसणारी काळपट ओळ ही तिची विष्ठा. पूर्ण वाढलेली अळी पानाच्या कडेशी येते, रेशमी धाग्याने कड दुमडते आणि आत कोष करते. ती घडी नखाने हलके उलगडली, तर तपकिरी कोष दिसतो.

अंड्यापासून पतंगापर्यंत उबदार हवेत सुमारे दोन आठवडे लागतात, थंडीत दीड महिन्याहून जास्तही. म्हणजे एका नवतीवर एक पिढी सहज उरकते आणि पुढच्या नवतीला तिचीच पिल्लावळ हजर असते. आपल्याकडे मृगाच्या पावसानंतरची नवती सर्वांत धोक्याची, कारण पालवी महिनाभर पुढेमागे फुटत राहते.

ही कीड मूळची आपल्या आशियातलीच. १८५६ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन झाले ते कलकत्त्याच्या नमुन्यांवरून. नाव फायलोक्निस्टिस सिट्रेला. १९९३ मध्ये ती अमेरिकेतील फ्लोरिडात आणि स्पेनमध्ये पोहोचली. आज लिंबूवर्गीय फळे पिकणाऱ्या जवळजवळ सगळ्या देशांत आहे. ती बेलावरही वाढते, म्हणून बांधावर बेल असेल तर त्याचीही पाने पाहत जा.

आता मुद्द्याची गोष्ट. रेषा दिसल्यावर फवारणी करून पान सुधारत नाही. अळी पापुद्र्याआड असते, वरवरचे औषध तिथे पोहोचत नाही. पान उजेडाकडे धरा: रेषेच्या टोकाशी पिवळसर अळी हलताना दिसली तर कीड चालू आहे, टोक रिकामे आणि कडेची घडी फुटलेली असेल, तर पतंग कधीच उडून गेला. जून पानांवरच्या रेषांसाठी औषधावर एक रुपयाही घालवू नका.

फवारणी नवतीची पाने १ ते २ सेंटिमीटर असतानाच करा. ५ टक्के निंबोळी अर्क पुरतो: ५ किलो निंबोळीची भरड १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, २०० ग्रॅम साबण विरघळवून घाला आणि एकूण द्रावण १०० लिटर करा. पानांच्या खालून, संध्याकाळी मारा. आठ-दहा दिवसांनी पुन्हा. कीड तरीही आटोक्यात येत नसेल, तर लिंबूवर्गीय पिकावर या अळीसाठी लेबल असलेलेच कीटकनाशक लेबलवरच्या मात्रेत घ्या. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशके वारंवार मारू नका. त्यांनी अळीच्या अंगावर वाढणाऱ्या बारीक गांधीलमाश्या मरतात आणि मागून खवले कीड वाढते.

चार वर्षांपुढच्या निरोगी झाडाला सहसा फवारणी लागत नाही. लहान कलमाची मात्र काळजी घ्या, त्याची सगळी भिस्त त्या थोड्या पानांवर असते. म्हणूनच रेषा पडलेली पाने ओरबाडू नका. उरलेला हिरवा भाग अन्न करतोच. खुंटावरचे पाणसोट, म्हणजे सरळ जोमाने वाढणारे फुटवे, तेवढे काढून टाका, कारण त्यांच्यावर सदा कोवळी पालवी असते. युरिया एकदम न देता विभागून द्या.

कागदी लिंबावर अधिक लक्ष हवे. पोखरलेल्या जागेतून कॅंकर, म्हणजे खैऱ्या रोगाचे जिवाणू आत शिरतात आणि रेषेच्याच वाटेने खरखरीत तपकिरी फोड उठतात. पावसाळ्यात असे फोड दिसले, तर रोगट फांद्या कापून जाळा आणि १ टक्का बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचे) फवारा. ते निंबोळी अर्कात मिसळू नका, मध्ये काही दिवस जाऊ द्या.

शंका असेल तर चार-पाच पाने कागदी पाकिटात घालून रोपवाटिकेत आणा. प्लॅस्टिकच्या पिशवीत पाने घामेजतात आणि अळी ओळखता येत नाही.